अमेरिकेत 'थोडंसं राजकारण' करणारी संस्था काढायचीय? मग आयआरएसचा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

गेल्या गणपतीतली गोष्ट. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, आरतीला पाच मिनिटं बाकी, मागच्या टेबलावर मोदकांचे ट्रे लागलेत, आणि तेवढ्यात टाउनशिप कौन्सिलला उभा असलेला एक उमेदवार टायबिय लावून आला आणि आमच्या अध्यक्षांना म्हणाला, दोन मिनिटं माइक द्याल का. अध्यक्ष द्यायला निघालेच होते. मी त्या वर्षी खजिनदार, मला तिथेच घाम फुटला, कारण आमचं मंडळ ५०१सी३ आहे (म्हणजे आयआरएसने, अमेरिकेच्या इन्कमटॅक्स खात्याने, करमाफी दिलेली धर्मादाय संस्था) आणि ५०१सी३ने कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करायचा नाही, अजिबात नाही, हा नियम १९५४ पासून आहे, लिंडन जॉन्सन तेव्हा सिनेटर होते त्यांनी घातलेला. माइक दिला नाही. तो माणूस नाराज, अर्धे सभासद नाराज, "अहो आपलाच माणूस होता की". त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सात-आठ जणांनी ठरवलं की मंडळ राहूदे बाजूला, आपण वेगळी संस्था काढू, तिथे हवं ते बोलू, आणि फॉर्म कोण भरणार तर अर्थात मी.

मी वकील नाही, सीपीए (तिकडचा सीए) पण नाही. दोन संस्थांचे फॉर्म भरलेत आणि तिसरीचा गोंधळ निस्तरलाय, एवढंच भांडवल. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, दर सहा महिन्यांनी कोणीतरी हेच विचारतं म्हणून.

आधी इतिहास, कंटाळा करू नका, कारण फॉर्ममधली भीती कुठून आली ते यातच आहे.

जानेवारी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाचा सिटिझन्स युनायटेड निकाल आला, कंपन्या आणि संस्थांना निवडणुकीच्या प्रचारावर स्वतंत्रपणे खर्च करायची मुभा मिळाली. त्यानंतर ५०१सी४ साठी, म्हणजे 'समाजकल्याण' संस्था म्हणून, अर्जांची रीघ लागली, दोन वर्षांत आकडा जवळपास दुप्पट. त्याच काळात टी पार्टीवाले जोरात होते. (नाव ऐकून चहापान वाटेल, आपल्याकडे अधिवेशनाच्या आदल्या दिवशी असतं आणि विरोधक बहिष्कार टाकतात ते, पण हे तसलं नाही, हे टॅक्स कमी करा, सरकार लहान करा म्हणणारे लोक.) हे सगळे अर्ज आयआरएसच्या ओहायोतल्या सिनसिनाटीच्या ऑफिसात यायचे. तिथल्या लोकांनी काम सोपं करायला एक यादी केली, बोलो म्हणायचे तिला, 'नजर ठेवा' अशा अर्थाची, आणि त्यात टी पार्टी, पेट्रियट्स, ९/१२ असे त्या गटांच्या नावातले शब्द घातले. अर्जात हे शब्द दिसले की फाइल बाजूला. संस्था करते काय हे बघायच्या आधी नाव बघून बाजूला.

आणि बाजूला म्हणजे किती? आयआरएसवर नजर ठेवणाऱ्या, अर्थखात्याच्या महानिरीक्षकाचा रिपोर्ट १४ मे २०१३ ला आला, त्यात २९६ फाइली तपासल्या होत्या. डिसेंबर २०१२ पर्यंत १०८ मंजूर, २८ जणांनी कंटाळून म्हणा किंवा कशाने म्हणा अर्ज मागे घेतले, आणि १६० तशाच पडून, कमीत कमी २०६ दिवस, जास्तीत जास्त १,१३८ दिवस. तीन वर्षांच्या वर. मधे दोन निवडणुका होऊन गेल्या. नाकारलं असतं तर निदान कोर्टात तरी गेले असते, हे ना हो ना नाही. आपल्याकडच्या तलाठी ऑफिसचा अनुभव असलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, पण अमेरिकन माणूस हादरला.

रिपोर्ट यायच्या चार दिवस आधी, १० मे ला, आयआरएसच्या करमाफी विभागाच्या डायरेक्टर लोइस लर्नर यांनी वकिलांच्या एका परिषदेत आधीच ठरवून ठेवलेल्या प्रश्नाला उत्तर देताना माफी मागितली, मग वणवा पेटला, १५ तारखेला हंगामी आयुक्त स्टीव्हन मिलर यांचा राजीनामा, लर्नरबाई संसदेच्या समितीपुढे गप्प राहण्याचा हक्क सांगून बसल्या आणि सप्टेंबरात रिटायर झाल्या. २०१५ मध्ये न्याय खात्याने गुन्हा काही दाखल होत नाही म्हणून चौकशी बंद केली. २०१७ मध्ये सरकारने कोर्टात माफी मागितली आणि अडकलेल्या गटांच्या एका सामूहिक दाव्यात ३५ लाख डॉलर्सची तडजोड झाली. आणि हे फार लोक सांगत नाहीत, त्याच वर्षी महानिरीक्षकाचा दुसरा रिपोर्ट आला, त्यात 'प्रोग्रेसिव्ह', 'ऑक्युपाय' असले डाव्या बाजूचे शब्द बघूनही फाइली बाजूला काढल्या होत्या हे निघालं. त्यामुळे तुमचा काका रिपब्लिकन असेल तर तो अर्धी गोष्ट सांगतो, पुतण्या डेमोक्रॅट असेल तर उरलेली अर्धी.

माझं मत विचाराल तर मूळ भानगड एका शब्दाची आहे. कायद्यात लिहिलंय सी४ ने 'केवळ' समाजकल्याणाचं काम करावं. १९५९ च्या नियमात त्याचं 'मुख्यतः' झालं. आता मुख्यतः म्हणजे किती? कुठेही आकडा नाही. वकील मंडळी एक्कावन्न-एकोणपन्नास असा ढोबळ हिशेब करतात. २०१३ च्या बोंबाबोंबीनंतर आयआरएसने अडकलेल्या संस्थांना एक शॉर्टकट दिला होता, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही किमान ६० टक्के समाजकल्याणावर आणि ४० च्या खाली राजकारणावर असं लिहून द्या म्हणाले, पण तो तेवढ्यापुरता. नवीन नियम करायला गेले तर दीड लाखाच्या वर हरकती आल्या, गुंडाळून ठेवले. नंतर संसदेनेच बजेटमधून त्यांचे हात बांधले की यावर नवे नियम करायला पैसे वापरायचे नाहीत. म्हणजे घोळ जिथे होता तिथेच आहे, आणि तुम्ही त्यात पाय घालताय.

आता तुमचं काम.

सगळ्यात आधी, फॉर्मबिर्म राहूदे, एक वही घ्या आणि 'राजकारण' म्हणून तुम्हाला नक्की काय करायचंय ते लिहा. आमच्या त्या आठ जणांना एका रविवारी घरी बोलावलं, पोहे-चहा झाला, आणि प्रत्येकाला तीन-तीन गोष्टी लिहायला लावल्या. चोवीस निघाल्या. शाळेला दिवाळीची सुट्टी मिळवायची, ग्रीनकार्डच्या रांगेबद्दल खासदाराला भेटायचं, लोकांची मतदार नोंदणी करायची, उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरं घ्यायची, असंच बहुतेक. 'अमुक माणसाला निवडून आणायचं' हे चोवीसातून फक्त चार.

आणि गंमत अशी की त्या उरलेल्या वीस गोष्टी सी३ मध्येच बसतात, वेगळ्या संस्थेची गरजच नाही! कायदा बदला म्हणून मागणी करणं म्हणजे लॉबिंग, ते सी३ ला मर्यादेत चालतं. फॉर्म ५७६८ भरून टाका, एक पान आहे, मग मर्यादा आकड्यात मिळते, वर्षाच्या खर्चाच्या पहिल्या पाच लाख डॉलर्सपर्यंत २० टक्के. आमच्या मंडळाचा खर्च चाळीस हजार धरला तर आठ हजार डॉलर्स, आणि यात पैसे मोजतात, स्वयंसेवकांचा वेळ नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी स्कूल बोर्डाकडे जाणं तर या हिशेबात लॉबिंगसुद्धा नाही, कारण स्कूल बोर्ड तिथे प्रशासनाच्या बाजूला धरतात, कायदेमंडळाच्या नाही. मतदार नोंदणी करा, फक्त पक्ष विचारू नका. (आणि एक महत्त्वाचं, टेबलावर ठळक लिहून ठेवा की फक्त सिटिझननेच सही करायची. ग्रीनकार्डवाल्या काकांनी उत्साहात नोंदणी केली तर त्यांच्या इमिग्रेशनचे वांधे होतील, हे मी गंमतीत नाही लिहीत.) उमेदवारांची सभा चालते, पण सगळ्यांना बोलवायचं, सगळ्यांना सारखा वेळ, प्रश्न विचारणारा तटस्थ.

त्या चार गोष्टी मात्र राहिल्या, उमेदवाराच्या. त्या सी३ मध्ये नाहीच. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चने क्लिंटनना मत देऊ नका अशी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, खाली देणग्या द्या म्हणून पण लिहिलं, करमाफी गेली, कोर्टातही हरले. तेव्हा त्या चारांसाठी दोन रस्ते. सी४ काढा, उमेदवाराचं काम करता येतं पण ते 'मुख्य' नको. किंवा सरळ ५२७, म्हणजे राजकीय संस्था, तिथे हवा तेवढा प्रचार करा पण संस्था काढल्यापासून चोवीस तासांत फॉर्म ८८७१ भरून आयआरएसला कळवा आणि देणगीदारांची नावं जाहीर होतात. खरं सांगायचं तर ज्याला फक्त निवडणूकच लढवायचीय त्याने सी४ च्या वाटेला जाऊ नये, नावं लपतात म्हणून लोक जातात आणि मग 'मुख्यतः' सिद्ध करत बसतात. आणि सी४ ला दिलेली देणगी देणाऱ्याला टॅक्समध्ये वजा होत नाही, भारतात ८०जीची पावती मिळते तसलं इथे काही मिळणार नाही, हे वर्गणी गोळा करतानाच सांगा, नाहीतर एप्रिलमध्ये टॅक्स भरायच्या वेळी फोन येतात.

व्हिसाचा मुद्दा. हा आपल्या लोकांच्या डोक्यात कधीच येत नाही म्हणून वेगळा लिहितोय. एच-१बी वर असलेला माणूस कायद्याने 'परदेशी नागरिक', त्याने कुठल्याच निवडणुकीत, अगदी टाउनशिपच्या सुद्धा, पैसे द्यायचे नाहीत, आणि संस्थेने निवडणुकीवर किती खर्च करायचा या निर्णयातही बसायचं नाही. ग्रीनकार्डवाल्याला पैसे देता येतात, मत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करायला परदेशी नागरिकाला हरकत नाही. आमच्या आठातले तीन एच-१बी. त्यांना कार्यकारिणीतून काढलं नाही, पण निवडणूक खर्चाची वेगळी समिती केली, फक्त सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांची, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवला. २०२२ ला बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेत निवडून आले तेव्हापासून आपल्याकडे उत्साह दांडगा आहे, चांगलंच आहे, फक्त चेक लिहिणाऱ्याचा व्हिसा आधी विचारा.

फॉर्मचा क्रम सांगतो, हा भाग सरळ आहे. आधी राज्यात संस्था नोंदवा, न्यूजर्सीत किमान तीन ट्रस्टी लागतात. सी३ करणार असाल तर नोंदणीच्या कागदात उद्देश आणि संस्था बंद झाली तर पैसे कुठे जाणार ही दोन कलमं हवीतच, ती नसली की अर्ज परत येतो. मग ईआयएन, म्हणजे संस्थेचा टॅक्स नंबर, आयआरएसच्या साइटवर फुकट मिळतो, पन्नास-शंभर डॉलर्स मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. मग सी३ साठी फॉर्म १०२३, फी ६०० डॉलर्स, किंवा वर्षाला ५०,००० च्या आत जमा आणि अडीच लाखाच्या आत मालमत्ता असेल तर १०२३-ईझेड, २७५ डॉलर्स. स्थापनेपासून २७ महिन्यांच्या आत भरलात तर करमाफी पहिल्या दिवसापासून धरतात. सी४ ची गंमत वेगळी, तिथे अर्ज करणं सक्तीचं नाहीच! फक्त स्थापनेपासून ६० दिवसांत फॉर्म ८९७६ ने कळवायचं, ५० डॉलर्स, उशीर झाला तर दिवसाला २० डॉलर्स दंड, ५,००० पर्यंत. शिक्क्याचं पत्र हवं असेल तर १०२४-ए भरा, ६०० डॉलर्स. सगळं ऑनलाइन, फी सरकारच्या पे.गव्ह साइटवर. फी बदलते, भरायच्या दिवशी बघून घ्या. आणि २०१० चा विचार केला की चिडच येते, अर्ज करायची सक्ती तेव्हाही नव्हती, ज्या छोट्या गटांनी सरळपणे अर्ज केला तेच तीन वर्षं लटकले.

नाव साधं ठेवा. बोलो यादी २०१३ मध्ये बंद झाली, आता नाव बघून फाइल बाजूला काढायची नाही, हे मान्य, पण 'अमुक विजय सेना' असलं नाव देऊन फॉर्मवर 'आम्ही शैक्षणिक आहोत' लिहिलंत तर वाचणारा माणूसच आहे शेवटी.

खरं काम आहे ते 'तुम्ही काय करता' या रकान्यात. आमच्या एका उत्साही मित्राने लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "समाजात राजकीय जागृती निर्माण करणे व समाजाचा आवाज बुलंद करणे." गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत शोभलं असतं. आयआरएसला यातून काय कळणार, जागृती म्हणजे प्रचार का, बुलंद कुणासाठी, म्हणजे प्रश्नांची यादी आलीच समजा. मी बदलून असं केलं (हे सी४ साठी, सी३ ला उमेदवाराची ओळ चालणारच नाही): "वर्षातून चार वेळा सार्वजनिक वाचनालयात मोफत माहितीसत्र, विषय स्कूल बोर्डाचं बजेट, मालमत्ता कर, मतदान कसं करायचं. वेळेचा ५० टक्के, खर्चाचा ५५ टक्के. इमिग्रेशन कायद्याबद्दल लोकप्रतिनिधींना भेटी आणि पत्रं. वेळेचा ३० टक्के, खर्चाचा २५ टक्के. स्थानिक उमेदवारांना पाठिंब्याची पत्रकं. वेळेचा २० टक्के, खर्चाचा २० टक्के." कोण करतं, कुठे, किती वेळा, किती पैसे. राजकारण लपवलं नाही, मोजून दाखवलं. मित्र म्हणाला फारच कोरडं झालं. कोरडंच हवंय, लेका!

पत्र आलं तर? घाबरू नका, जास्तीची माहिती मागणारं पत्र पुष्कळांना येतं. पण पाकिटावरची तारीख आणि उत्तराची मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर टाका, मुदत चुकली की फाइल बंद करतात. टी पार्टीवाल्यांना वर्षभर शांतता आणि मग एकदम दोन-तीन आठवड्यांत उत्तरं द्या असं झालं होतं. वेळ हवा असेल तर मुदतीच्या आत मागा आणि लेखी मागा. महानिरीक्षकाने तेव्हा ज्या प्रश्नांना अनावश्यक ठरवलं त्यांची यादी माहीत असूदे: देणगीदारांची नावं, तुमच्या पदाधिकाऱ्याने निवडणूक लढवलीय का किंवा लढवणार आहे का, त्यांचा पक्ष कुठला, कुठल्या मुद्द्यावर तुमचं मत काय, त्यांची नोकरी कुठे, दुसरी संस्था काय करते. १७० संस्थांना जादा प्रश्न गेले होते त्यातल्या ९८ ना असले प्रश्न होते. आज असं काही विचारलं तर चिडून लिहू नका, 'हे कुठल्या नियमाखाली लागतंय ते कळवा' असं नम्रपणे विचारा, आणि इथे मात्र वकिलाला पैसे द्या, खरंच. फाइल पडूनच राहिली आणि त्याने नुकसान होतंय तर टॅक्सपेयर अ‍ॅडव्होकेटकडे (आयआरएसमधलाच, करदात्यांची गाऱ्हाणी ऐकणारा विभाग) फॉर्म ९११. तुम्ही सगळं वेळेवर दिलंय आणि २७० दिवस झाले तरी निर्णय नाही, तर कोर्टात जाऊन निर्णय मागता येतो. पूर्वी हे सी३ लाच होतं, २०१५ च्या कायद्याने सी४ लाही मिळालं, त्या सगळ्या प्रकरणातून निघालेली ही एक बरी गोष्ट. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची कॉपी ठेवा, तुमचा अर्ज मंजूर झाला की तो लोकांना बघायला खुला असतो त्यामुळे त्यात कुणाचा खाजगी फोनबिन घालू नका.

मंजुरीनंतर लोक झोपतात. मी निस्तरलेला गोंधळ तोच, एका छोट्या मंडळाने (नाव नको) तीन वर्षं ९९०-एन भरला नाही, ५०,००० च्या आतल्या संस्थांसाठीचं ते ई-पोस्टकार्ड, दहा मिनिटांचं काम, दर खजिनदाराला वाटलं आधीच्याने भरलंय. लागोपाठ तीन वर्षं चुकलं की करमाफी आपोआप जाते, कुणी फोन करून सांगत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि मधल्या काळात देणग्या दिलेल्यांना तोंड कसं दाखवायचं. खजिनदार बदलताना चेकबुकाबरोबर हा फॉर्म कुठे भरायचा ते पण हातात द्या.

दोन संस्था असतील तर दोन बँक खाती, दोन ईमेल याद्या, दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सी३ च्या ग्रुपवर अध्यक्षांनी उमेदवाराचं पोस्टर टाकलं तर ते 'वैयक्तिक' राहत नाही. घरच्या फेसबुकवर काय हवं ते लिहा, फक्त 'अध्यक्ष, अमुक मंडळ' अशी सही नको.

आणि गणपतीचं काय केलं? २००७ मध्ये आयआरएसने एक निवाडा काढलाय, २००७-४१, त्यात अशी २१ उदाहरणं आहेत, कुठलं चालतं कुठलं नाही, एकदा वाचाच. त्यावरून यंदा ठराव केला की उमेदवार पाहुणा म्हणून आला तर स्वागत, नाव घ्यायचं, निवडणुकीचा उल्लेख नाही, माइक नाही, पत्रकं हॉलमध्ये नाहीत. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंच्या हातात मी एक छोटं कार्ड दिलंय, त्यावर एकच ओळ: "आज आपल्यात श्री. ____ आले आहेत, त्यांचं स्वागत, चला आरतीला उभं राहूया."